दसऱ्याचं तोरण घरी कसं करावं: झेंडू, आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुण्यात फुलांसाठी लांब जावंच लागत नाही. सिंहगड रस्ता असो की विश्रांतवाडी, चौकाचौकात झेंडूचे ढीग लागलेले असतात आणि शेजारी तयार तोरणंही टांगलेली असतात. ती घाईत ओवलेली, दोन फुलांत चांगलं वीतभर अंतर असलेली. दुकानात प्लास्टिकची तोरणं मिळतात, ती वर्षानुवर्षं टिकतात. पण दसऱ्याचं तोरण टिकण्यासाठी नसतंच. खरिपाचं पीक हाताशी आलं, त्यातलं पहिलं दाराला बांधलं, एवढा त्याचा साधा अर्थ आहे. कोकणात आश्विनात ‘नवं’ बांधतात, त्यात भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुरडूचं फूल असं सगळं एकत्र असतं. मुळशी, मावळ, भोरकडून पुण्यात आलेल्या घरांना शेतातून आणलेल्या लोंब्या दारावर बांधणं काही नवं नाही. शहरातल्या तोरणातून नेमक्या या लोंब्याच गेल्या आणि झेंडू तेवढा उरला.

म्हणून इथे सांगतोय ते सुगीचं तोरण. पहिल्यांदाच करणाऱ्याला जमेल असं आहे. आदल्या संध्याकाळी तासभर आणि दसऱ्याच्या सकाळी तासभर, एवढा वेळ काढा.

आधी दार मोजा

फुलं आणायच्या आधी टेप घेऊन दाराशी उभे राहा. फ्लॅटच्या मुख्य दाराची चौकट साधारण साडेतीन फुटांची असते, पण जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत ती बरीच वेगळी निघते. चौकटीच्या बाहेरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा. सुतळी कापताना दोन्ही बाजूंना बांधण्यासाठी हातभर जादा ठेवा. उरली तर कापता येते, कमी पडली तर जोडगाठ नेमकी समोर दिसते.

मग दार पूर्ण उघडून बघा. बहुतेक सोसायट्यांत आतल्या लाकडी दाराबाहेर जाळीचं दार असतं आणि ते बाहेर उघडतं. तोरण चौकटीवरच बांधलं तर पानं रोज त्या दारात चिमटतात. अशा वेळी हुक चौकटीच्या वर, भिंतीवर चार बोटं उंच घ्यावेत. चौकटीवर गणेशपट्टी असेल तर तोरण तिच्या खालून किंवा बरंच वरून जाऊ द्या. गणपती पानांमागे झाकला जाऊ नये. सागवानी चौकटीत खिळे ठोकू नका. बोहरी आळीत फिरकीचे छोटे पितळी हुक मिळतात, ते हाताने फिरवून बसतात आणि पुढची कित्येक वर्षं कामाला येतात. चौकट ग्रॅनाइटची असेल तर चिकटवायचे हुक वापरा, मात्र ते आदल्या दिवशीच, जागा कोरडी पुसून लावा. फुलांसकट तोरणाचं वजन अर्धा किलोच्या वर सहज जातं, त्यामुळे दोन टोकांना दोन आणि मध्ये एक, असे तीन हुक हवेतच.

काय काय आणायचं

साडेतीन फुटांच्या दाराला आडव्या माळेत चाळीसेक फुलं लागतात. दोन्ही बाजूंना हातभर लड सोडायची असेल तर आणखी तीस. मध्यम झेंडू अर्ध्या किलोत एवढा बसतो. तरी पाऊण किलो घ्या, कारण चार-दोन फुलं खराब निघतात आणि दसऱ्याला गाडी, पाटी, शिलाई मशीन, लॅपटॉप अशा सगळ्यांनाच फूल लागतं. घरात खंडेनवमीची पूजा असेल तर तो हिशेब वेगळा धरा.

आंब्याचे डहाळे जुडीने मिळतात. एका जुडीत वीस-पंचवीस चांगली पानं निघाली की झालं. पान गर्द हिरवं आणि जून हवं. तांबूस, कोवळी पानं दिसायला सुरेख असतात, पण दुपारपर्यंत मान टाकतात. जून पान चिवट असतं, त्यावर मेणचट थर असतो, त्यामुळे वाळलं तरी ते आकार सोडत नाही.

लोंब्यांसाठी मंडई गाठा. महात्मा फुले मंडईच्या अष्टकोनी इमारतीबाहेर दसऱ्याच्या आधी गावाकडून आलेल्या बायका बसतात, त्यांच्याकडे झेंडूसोबत लोंब्यांच्या छोट्या जुड्या असतात. घरासाठी एकच तोरण करायचं असेल तर मंडई पुरे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला फूलबाजार पहाटेचा आणि घाऊक असतो. सोसायटीतल्या आठ-दहा घरांनी मिळून फुलं आणायची असतील तरच तिकडे जावं. लोंबी घेताना दाणा दाबून बघा. तो भरलेला हवा आणि काडी अजून हिरवट हवी. पूर्ण पिकून पिवळी झालेली लोंबी हलवली की दाणे गळतात आणि मग उंबऱ्यावर, रांगोळीवर सगळीकडे साळी पसरते. दसरा कधी लवकर येतो, 2025 साली तो 2 ऑक्टोबरला आला. अशा वर्षी दाणा अजून दुधाळ असतो. तशीही लोंबी चालते, फक्त ती नाजूक असते, जपून हाताळा.

कुरडू मिळाला तर सोडू नका. गुलाबी-पांढरे तुरे, हाताला कागदासारखे लागतात, आणि वाळल्यावरही रंग फारसा सोडत नाहीत. शहराच्या कडेला, पडीक रानात पावसाळ्याच्या शेवटी तो आपोआप उगवलेला असतो. स्वतः तोडायला गेलात तर बाजूच्या गाजर गवतापासून सांभाळा. 1950च्या दशकात पुण्याच्या परिसरात नोंदलं गेलेलं हे तण आता सगळीकडे आहे. त्याची बारीक पांढरी फुलं हिरव्या जुडीत गोड दिसतात म्हणून कोणी तोडतं, आणि मग अंगावर पुरळ आणि शिंका. कण्हेरही टाळा, तिचे सगळेच भाग विषारी असतात आणि लटकणाऱ्या फुलाला लहान मुलं हात घालतातच.

याशिवाय नाचणीची कणसं, कोंबड्याची लाल फुलं, पिवळी शेवंती, यातलं जे मिळेल ते चालेल. आपल्या परंपरेत बसेल का, अशी शंका एखाद्या फुलाबद्दल आली तर लक्षात ठेवा, ज्याच्याशिवाय दसरा होत नाही तो झेंडूच मुळात मेक्सिकोचा आहे. आपल्या मातीत, या दिवसांत येतं ना, मग ते तोरणात शोभतं.

सामानात सुतळी, गोधडीला वापरतात तसा जाड सुती दोरा, मोठ्या नेढ्याचं दाभण किंवा हाराची लांब सुई, कात्री आणि खराट्याच्या चार-पाच हिरा, म्हणजे त्याच्या बारीक काड्या. नायलॉनची दोरी नको. ती गुळगुळीत असल्यामुळे पानं सरकतात आणि नंतर निर्माल्यातून ती वेचून काढावी लागते.

झेंडू कोरडा हवा

तोरण दोन दिवसांत काळं पडण्याचं कारण जवळजवळ नेहमी ओलं फूल हे असतं. झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर शेकडो बारीक फुलांचा गुच्छ. परतीच्या पावसात भिजलेलं पाणी त्या दाटीत आत जाऊन बसतं. वरून फूल तजेलदार, केशरी, आणि आतून कुजायला लागलेलं. घेताना फूल उलटं करा आणि देठाजवळची हिरवी वाटी दोन बोटांत दाबा. टणक लागली तर फूल ताजं. मऊ, चिकट लागली किंवा कडेची पाकळी नुसत्या स्पर्शाने निघून आली तर ते बाजूला ठेवा. ढिगाच्या वरची फुलं बघून भुलू नका, हात खाली घालून बघा. खालच्या फुलांना उबट वास येत असेल तर दुसरा ढीग गाठा. मोठा, गच्च पाकळ्यांचा कलकत्ता झेंडू दिसायला भरदार, पण पाणी धरून ठेवतो तोही जास्त. पावसाचं वर्ष असेल तर मध्यम आकाराचा साधा झेंडूच बरा.

घरी आणल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीतून काढा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून फुलं एकावर एक न ठेवता मांडा आणि पंखा लावून ठेवा. तासा-दोन तासांनी उलटवा. धुऊ नका, पाणी शिंपडू नका. फूलवाले पाणी मारतात ते विक्रीपर्यंत फूल टवटवीत दिसावं म्हणून, ते फूल नंतर तुमच्या दारावर किती दिवस राहतं हा प्रश्न त्यांचा नसतो. फुलं रात्रभर ठेवायची तर उघड्या टोपलीत, वरून कोरडं सुती कापड टाकून.

आदल्या संध्याकाळी: पानं

हे तोरण दोन वेगळ्या भागांत करायचं. एक पानांची सुतळी, एक फुलांची माळ, आणि शेवटी दोन्ही एकत्र बांधायच्या. सगळं एकाच दोऱ्यात ओवायला गेलं की फुलांच्या वजनाने पानं चुरगळतात, आणि फुलं सुकली की पानांसकट सगळंच टाकावं लागतं. वेगळं केलं तर दिवाळीला नुसती फुलं बदलता येतात.

पानं ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. डहाळीवरून काढून दोन-तीन तास तशीच ठेवलीत तर आणखी चांगलं, कारण तोडलेल्या क्षणी पान ताठ असतं आणि दुमडलं की मधली शीर कट्‌ आवाज करून तुटते. थोडं मऊ पडलं की निमूटपणे वळतं. देठ बोटाच्या एका पेराएवढा ठेवून बाकीचा कापा.

आता सुतळी दोन खुर्च्यांच्या पाठींना ताणून बांधा. जमिनीवर बसून, सैल सुतळीवर पानं लावत बसलात तर एकही सरळ येणार नाही. पान चकाकती बाजू आपल्याकडे, टोक खाली असं धरा. देठाकडचा दोन बोटं भाग सुतळीवरून मागे दुमडा, म्हणजे सुतळी घडीच्या आत अडकेल. खराट्याच्या हिराचा बोटभर तुकडा घ्या आणि सुतळीच्या लगेच खाली, शिरेच्या डावीकडून आत घालून उजवीकडून बाहेर काढा, शिवणीचा एकच टाका घालावा तसा. दोन्ही थरांतून हीर गेली पाहिजे. शिरेतून आरपार घालू नका, पान तिथेच फाटतं. पहिली दोन-तीन पानं बिघडतात, त्यासाठीच जुडीत जास्तीची पानं आहेत. पुढे हात बसतो आणि मिनिटाला एक पान होतं.

लागून-लागून लावली तर साडेतीन फुटांत एकवीस पानं बसतात. बोटभर अंतर सोडलं तर पंधरा. मला पंधराचं जास्त आवडतं, कारण मोकळ्या जागांत लोंब्या येतात आणि त्या दिसतात. घरात पाच, सात, अकरा असा आकडा पाळत असाल तर त्याप्रमाणे अंतर ठरवा.

पाच-सहा लोंब्या एकत्र घेऊन मानेशी दोऱ्याने घट्ट बांधा, देठ चार बोटं ठेवा. अशा पाच जुड्या करा. चार जुड्या दर तिसऱ्या पानानंतर सुतळीला बांधा. पाचवी जरा जाडजूड, तिच्यात कुरडूचे दोन-तीन तुरे आणि असेल तर नाचणीचं कणीस घालून बरोबर मध्यभागी. लोंबीची लांबी पानापेक्षा थोडी जास्त असू द्या. टोकं पानांखालून बाहेर डोकावली की तोरणाला जी ढब येते ती निव्वळ फुलांनी येत नाही. झालं की ही सुतळी खुर्च्यांवर तशीच रात्रभर राहू द्या.

दसऱ्याच्या सकाळी: फुलं

दोरा दुहेरी घ्या, दाराच्या रुंदीहून दोन हात जास्त, आणि टोकाला सुतळीचा छोटा तुकडा गाठीत अडकवा. नुसती गाठ झेंडूच्या मऊ वाटीतून सरकून बाहेर येते. देठ अगदी मुळाशी खुडून टाका. सुई हिरव्या वाटीच्या बरोबर मध्यातून घालून पाकळ्यांच्या मध्यातून काढा. फुलं एकाच दिशेला तोंड करून ओवत जा. निम्म्यावर आलात की दिशा बदला, म्हणजे दोन्हीकडची फुलं मधल्या कुरडूच्या जुडीकडे बघतील. फुलं एकमेकांना टेकतील इतकीच जवळ सरकवा, रेटू नका. गच्च दाबलेल्या माळेत हवा खेळत नाही आणि मग पुन्हा तेच काळं पडणं.

रंगांच्या बाबतीत माझं ऐकाल तर केशरीच मुख्य ठेवा आणि पिवळा फक्त ठरावीक जागी, प्रत्येक लोंबीच्या जुडीवर एक. एक आड एक केशरी-पिवळं केलं की लांबून दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात आणि लोंब्यांचा फिका सोनेरी रंग हरवून जातो.

बाजूच्या लडी वेगळ्या ओवा, प्रत्येकी पंधरा फुलं, खालच्या टोकाला एकच आंब्याचं पान किंवा लोंबी. मुख्य माळ पानांच्या सुतळीवर ठेवून दर वीतभर अंतरावर दोऱ्याने दोन्ही एकत्र बांधा. ही गाठ दोन फुलांच्या मध्ये आली की दिसत नाही. लडी अगदी शेवटी, दारावर चढवल्यानंतर टोकांना बांधा, नाहीतर नेता-नेता गुंतून बसतात.

चढवायला दोन माणसं हवीत. एकाने मधला भाग मधल्या हुकात अडकवायचा, मग दोघांनी दोन टोकं. समोर लॉबीत चार पावलं मागे जाऊन बघा. एक बाजू खाली झुकली असेल तर तिथेच सुतळीची गाठ सोडून दुरुस्त करा. नंतर करू म्हटलं की पूजेच्या गडबडीत राहून जातं आणि पाहुण्यांच्या फोटोत तिरकं तोरण कायमचं येतं. जाळीचं दार एकदा उघडून लावून बघा.

कोरड्या हवेत फुलं तीन-चार दिवस चांगली राहतात. दार पावसाच्या झोताला उघडं असेल तर दोन दिवस धरा.

गोल तोरण हवं असेल तर

काही दारांना वर हुक लावायला जागाच नसते, भाड्याच्या घरात तर मालकाची परवानगीही नसते. अशांना दाराच्या मधोमध टांगायचं गोल कडं सोयीचं. बुरुड आळीत बांबूची पातळ कामटी मिळते. ती तीन-चार तास पाण्यात भिजवली की मोडत नाही. साधारण फूटभर रुंदीचं वर्तुळ करा, टोकं चार बोटं एकमेकांवर घ्या आणि तीन ठिकाणी सुतळीने आवळा. जुन्या सुती साडीची पट्टी कड्यावर गुंडाळून घेतली तर जुड्या सरकत नाहीत.

मग तीन आंब्याची पानं, एक कुरडू, दोन लोंब्या अशा बारा-चौदा जुड्या करून कड्यावर एकाच दिशेने बांधत जा. प्रत्येक जुडीने आधीच्या जुडीचे देठ झाकले पाहिजेत. शेवटच्या जुडीचे देठ पहिल्या जुडीच्या पानांखाली सारून बांधा, सांधा दिसणार नाही. झेंडू यावर फार लावू नका, वजनाने कडं एका बाजूला फिरतं. खालच्या बाजूला तीन-चार फुलांचा झुपका पुरे. हेच रिकामं कडं डिसेंबरात सुरूच्या डहाळ्या आणि लाल फीत बांधून नाताळलाही वापरता येतं.

दसऱ्यानंतर

झेंडूची माळ उतरवा, पानांची सुतळी राहू द्या. लोंब्या आणि कुरडू दारावरच वाळतात. हवा दमट असेल तर उतरवून, सावलीत उलटं टांगून आठवडाभर वाळवा. वसुबारसेच्या आदल्या दिवशी पानं तेवढी नवीन लावा, वरून झेंडू किंवा शेवंतीची ताजी माळ बांधा, दिवाळीचं तोरण तयार. दिवाळीनंतर लोंब्या गॅलरीच्या गजाला बांधल्या की चिमण्या येऊन दाणे टिपतात. भात पूर्ण पिकलेला असेल तर दोन दिवसांत काडीच उरते.

उतरवलेली माळ मुठा नदीत टाकू नका. दोरा ओढून काढा, फुलं कुंडीतल्या खतात घाला. त्यातली आठ-दहा फुलं मात्र बाजूला ठेवून पूर्ण वाळू द्या. वाळलेली पाकळी ओढली की खाली काळी, बारीक, टोकाला फिकट अशी काडी निघते, तेच बी. कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात कुंडीत पेरा, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास झाडं फुलावर येतात. या बियांची फुलं बाजारातल्यापेक्षा जरा लहान निघतात. मुख्य माळेला ती पुरली नाहीत तरी बाजूच्या दोन लडी कुंडीतल्या फुलांच्या होऊ शकतात. तीस फुलांसाठी चार कुंड्या लावा, आणि कळ्या दिसायला लागल्या की पाणी बुंध्याशीच घाला, फुलांवर नको.